वसाहतींनी टोप्या करायच्या नाहीत म्हणजे काय? (लेकीचा गृहपाठ आणि माझी पंचाईत)

सातासमुद्रापार
नमस्कार मंडळी,
बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. आम्ही बोस्टनजवळ राहतो. लेक आठवीत आहे. तिला इतिहासात मर्कंटिलिझमवर (राजाने नियमांनी बांधलेला व्यापार) गृहपाठ आलाय: तू १७५० सालची, अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीतली कारागीर किंवा व्यापारी आहेस असं समज आणि इंग्लंडच्या राजाला तक्रारीचं पत्र लिही. तिने वर्गातली टिपणं माझ्यासमोर टाकली आणि मी वाचतच बसले. तंबाखू, साखर, नीळ फक्त इंग्लंडच्या राज्यातच पाठवायची. फ्रान्सचं कापड हवं असेल तर ते आधी इंग्लंडच्या बंदरात उतरणार, तिथे जकात भरणार, मग पुढे येणार. १७३२ चा एक कायदा तर नुसत्या टोप्यांसाठी! एका वसाहतीतल्या टोप्या शेजारच्या वसाहतीत विकायच्या नाहीत, आणि टोपीवाल्याने दोनपेक्षा जास्त उमेदवार (म्हणजे शिकाऊ कारागीर) हाताखाली ठेवायचे नाहीत.

लेकीने विचारलं, "आई, तुमच्याकडे पण असंच होतं ना?" मी ठोकून दिलं, "हो, अगदी असंच. कच्चा माल न्यायचा, पक्का आणून विकायचा." शाळेत पाठ केलेलं वाक्य. रात्री मात्र डोक्यात किडा वळवळला. असंच म्हणजे खरंच असंच? आणि दुसरं, ही इथली माणसं तेव्हा खाऊनपिऊन सुखी होती. मग एवढी चिडली कशाला? जाणकारांनी सांगावं. पत्र पुढच्या शुक्रवारी द्यायचंय.

पेठेतला
शाळेने सांगितलेल्या दुकानातूनच गणवेश, वह्या, बूट. तोच शर्ट बाहेर निम्म्या किमतीत, पण खिशावर बिल्ला नाही. मला हा विषय पोराच्या पहिलीच्या प्रवेशालाच समजला.

निवांत नलू
@पेठेतला, आईने घरी शिवलेला चालणार नाही हे राहिलं. तो टोपीचा कायदा.

जुनी वही
गणवेशाचे उदाहरण आमच्या वर्गात वापरायला हवे होते. तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले, सुचले नाही.

मर्कंटिलिझमला आमच्या पाठ्यपुस्तकात 'व्यापारवाद' म्हणत. शब्द फसवा आहे, कारण त्यात मोकळा व्यापार कुठेच नाही. समजूत अशी की जगातला व्यापार म्हणजे एकच भाकरी. शेजाऱ्याने मोठा तुकडा मोडला की आपला लहान. आणि राज्याचे बळ म्हणजे तिजोरीतली चांदी, कारण लढाईत शिपायाला पगार लागतो. स्पेनला १५४५ मध्ये पोतोसीचा डोंगर सापडला. त्यांनी त्याआधीच, १५०३ मध्ये, सेव्हिलला एक कचेरी थाटून अमेरिकेचा सगळा व्यापार तिच्या दारातून वळवला होता. इंग्लंडकडे चांदीचा डोंगर नव्हता. मग उपाय एकच: विकायचे जास्त, घ्यायचे कमी, आणि जे घ्यावेच लागते ते परक्याकडून न घेता आपल्याच वसाहतीकडून घ्यायचे.

१६५१ चा नौकानयन कायदा खरे तर डच लोकांविरुद्ध होता. त्या काळी युरोपभरचा माल डचांच्या जहाजांतून फिरे. १६६० मध्ये तो घट्ट केला: जहाज इंग्रजी, कप्तान इंग्रज, खलाशांपैकी तीन चतुर्थांश इंग्रज, आणि यादीतला माल परदेशी थेट पाठवायचा नाही. १६६३ मध्ये उलटी दिशाही बंद केली, म्हणजे युरोपचा माल वसाहतीत जायचा तो इंग्लंडमधूनच. लेकीच्या टिपणातले फ्रेंच कापड ते हेच.

पण पत्रात एक गोष्ट ती लिहिणार नाही, ती तुम्ही तिला सांगा. व्हर्जिनियाच्या तंबाखूला गिऱ्हाईक पक्के मिळावे म्हणून खुद्द इंग्लंडात तंबाखू लावायला बंदी होती. ग्लॉस्टरशरमधल्या शेतकऱ्यांनी तरीही लावला तर सैनिक पाठवून उभे पीक तुडवले. कायदा वसाहतीचा गळा धरत होता तसा घरच्या शेतकऱ्याचाही. फायदा मधल्या व्यापाऱ्याचा आणि जकातीचा.

मळीवाला
धाग्यात साखर आली म्हणजे आम्हाला बोलावंच लागणार. कोल्हापूरकडचा, साखर कारखान्यात पंचवीस गाळप हंगाम काढलेत.

बार्बाडोस बेटावर १६४० नंतर ऊस शिरला आणि थोड्या वर्षांत दुसरं पीक दिसेना. पद्धत आपल्या गुऱ्हाळापासून फार लांब नव्हती. रस कढवायचा, थंड करायचा, बुडाला भोक असलेल्या मडक्यात भरायचा. पाक खाली गळतो, वर तांबूस साखर राहते. इथवरचं काम बेटावर. साखर पांढरी करायचं काम मात्र लंडन-ब्रिस्टलच्या कारखान्यांत, कारण पांढऱ्या साखरेवर कच्चीपेक्षा कितीतरी जादा जकात लावलेली. बेटावरच पांढरी करून पाठवली तर परवडू नये अशीच सोय. नफा ज्या पायरीवर जास्त, ती पायरी आपल्या घरात ठेवायची, हे सूत्र. आणि बेटावरचं सगळं काम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या जिवावर. चरकात हात अडकला तर तोडायला शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असायची.

आता खाली गळलेला पाक. त्याची गंमत ऐका. फ्रेंचांच्या बेटांवरही हा पाक व्हायचा, पण त्याची दारू (रम) फ्रान्सला पाठवायला १७१३ पासून बंदी, का तर फ्रान्सच्या ब्रँडीवाल्यांचा धंदा बुडेल. मग फ्रेंच बेटांवर पाकाला विचारतो कोण? बोस्टन-न्यूपोर्टच्या व्यापाऱ्यांनी तो मातीमोल भावाने उचलला, मासे आणि लाकूड देऊन, आणि घरी रमच्या भट्ट्या लावल्या. यावर इंग्रजी बेटांवरचे मळेवाले लंडनला जाऊन रडले. १७३३ मध्ये कायदा: परक्या पाकावर गॅलनला ६ पेन्स. एवढा भरला तर भट्टी बंदच. म्हणून कोणी भरलाच नाही. जकात अधिकाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं आणि पिंप उतरवायची. तीस वर्षं असं चाललं.

थोडक्यात, पाक एका राजाच्या नियमाने स्वस्त झाला आणि दुसऱ्या राजाच्या नियमाने बेकायदा.

खारी बिस्कीट
पाक म्हणजे काकवी ना?

मळीवाला
नाही. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधी उतरवलेला रस, साखर सगळी आत. मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला माल. आमच्या कारखान्यातली मळी तोंडात धरवणार नाही, ती आसवनीत जाते, आता इथेनॉलला. तेव्हाचा गळका पाक मात्र काकवीच्या बराच जवळ, कारण निम्मी साखर त्यातच राहायची.

खारी बिस्कीट
काकवी आणि गरम धिरडं. बस. पुढे चालू द्या.

आगाऊ अर्थतज्ज्ञ
जुनी वही सरांचं मान्य, पण धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही. चिडले कशाला? कर जास्त होता म्हणून नाही. १७६४ मध्ये तो ६ पेन्सांचा कर उलट निम्मा, ३ पेन्स केला. फरक एवढाच की या वेळी वसूल करायचं मनावर घेतलं. न भरलेल्या सहापेक्षा भरलेले तीन जास्त दुखतात.

चहाचंही तेच. १७७३ च्या कायद्याने चहा स्वस्त होणार होता! ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींत न विकलेला चहा साठला होता, कंपनी बुडायच्या बेतात, म्हणून तिला थेट अमेरिकेत विकायची सवलत दिली. पोटावर पाय आला तो डच चहा चोरून आणणाऱ्या आणि मधे कमिशन खाणाऱ्या बोस्टनच्या व्यापाऱ्यांच्या. १६ डिसेंबरला चहाच्या ३४२ पेट्या बोस्टनच्या बंदरात पाण्यात फेकल्या. मला तरी यात स्वातंत्र्यापेक्षा व्यापारी संघटनेचा मोर्चा जास्त दिसतो.

आणि अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथचा 'वेल्थ ऑफ नेशन्स' हा ग्रंथ १७७६ चाच. त्याने स्वच्छ मांडलं की वसाहतीची मक्तेदारी मूठभर व्यापाऱ्यांना पोसते आणि बाकीच्या इंग्लंडला महागात पडते. व्यापारवाद मूर्खपणा होता, तो गेला, जग सुधारलं.

सातासमुद्रापार
चहाच्या जहाजाची प्रतिकृती इथे बंदरात आहे. पर्यटकांना खोट्या पेट्या पाण्यात फेकायला देतात. पेटीला दोरी बांधलेली असते, परत ओढून पुढच्या माणसाला देतात. आपल्याकडचे पाहुणे आले की दर वेळी मला तिकीट काढावं लागतं, हा माझ्यावरचा जाचक कर.

पेठेतला
दोरी बांधलेलं बंड. आवडलं.

कापूसकोंड्या
'जग सुधारलं' म्हणे! आगाऊ साहेब, कोणाचं?

धागाकर्तीला मूळ प्रश्नावर सांगतो. "अगदी असंच" हे उत्तर पहिली दीडशे वर्षं तरी चूक आहे, आणि गंमत म्हणजे उलट्या बाजूने चूक. वडील गिरणीत होते, मी कापडाच्याच धंद्यात, म्हणून हे थोडं वाचलंय.

१६०० मध्ये कंपनी निघाली तेव्हा हिंदुस्थानला विकण्याजोगं तिच्याकडे काही नव्हतं. लोकरीचे जाड तागे सुरतेच्या उन्हात कोण नेसणार? मग चांदी द्यायची आणि कापड, मिरी, नीळ घ्यायची. व्यापारवादाच्या हिशेबात हे पाप! देशाची चांदी हिंदुस्थानात ओतता म्हणून कंपनीवर टीका झाली. कंपनीचाच एक संचालक, टॉमस मन, याने उत्तर दिलं की पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला पाहाल तर चांगलं धान्य मातीत फेकणारा वेडा वाटेल, सुगीला या मग बोला. म्हणजे कापड आणून युरोपात पुन्हा विकलं की गेली त्याहून जास्त चांदी परत येते. त्याचा तो ग्रंथ तो गेल्यावर, १६६४ मध्ये छापला गेला.

कापड मात्र इतकं खपलं की लंडनचे रेशमी आणि लोकरीचे विणकर रस्त्यावर आले. १७१९ मध्ये छिटाचे झगे घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले, शाई फेकली. संसदेने १७०० मध्ये एक बंदी घातली होतीच, १७२१ मध्ये पुरी केली: छापील सुती कापड अंगावर घालाल तर ५ पौंड दंड. तेव्हा आपण 'कच्चा माल पुरवणारे' नव्हतोच. पक्का माल आपला होता आणि बंदी त्यांच्या गिऱ्हाइकावर होती.

एक काळी बाजू पण आहे. गुजरातचं आणि कोरोमंडलचं बरंच कापड पुढे पश्चिम आफ्रिकेत जायचं आणि त्याच्या बदल्यात माणसं विकत घेतली जायची. मळीवाल्यांनी सांगितलेल्या त्या बेटांसाठी. म्हणजे त्या चक्रात आपल्या मागाचाही धागा होता.

पलटी बसली ती प्लासीनंतर. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाली आणि चांदी जहाजात भरायची गरजच उरली नाही. रयतेकडून सारा घ्यायचा, त्याच पैशाने रयतेचंच कापड घ्यायचं आणि इंग्लंडला न्यायचं. कंपनीच्या दफ्तरात या खरेदीला शब्द होता 'इन्व्हेस्टमेंट'! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या कापडावर इंग्लंडात सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात जकात आणि त्यांच्या कापडावर इथे नावापुरती. यंत्र होतंच, पण यंत्र मोठं होईपर्यंत त्याला या कुंपणात वाढवलं.

निवांत नलू
सुंदर प्रतिसाद. अवांतर: डंगरी हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेलाय ना? तिथल्या जाड्याभरड्या कापडाचं नाव.

कापूसकोंड्या
हो. आणि कॅलिको कालिकतवरून, चिंट्झ आपल्या छिटावरून.

गडकोट
सगळे इंग्रजांचंच कौतुक करत बसलेत. शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेलं मिठाचं पत्र कोणाला आठवत नाही? बारदेशचं, म्हणजे पोर्तुगीजांचं मीठ स्वस्त पडतं म्हणून घाटावरचे व्यापारी तिकडे वळतात आणि संगमेश्वरकडचं आपलं मीठ पडून राहतं. तेव्हा त्यावर जबर जकात बसवा, म्हणजे ते महाग पडेल. व्यापारवाद महाराजांना कोणी शिकवायला नको होता!

आगाऊ अर्थतज्ज्ञ
म्हणजे घाटावरच्या गरीब माणसाला मीठ महाग झालं. चालेल?

गडकोट
तुम्हाला कोकणातला आगरी उपाशी मेलेला चालेल?

संपादक
दोघांनीही मिठाला जागावं आणि विषयावर राहावं.

जुनी वही
गडकोट, ते पत्र महत्त्वाचेच आहे, आणि त्यात परक्या मालाला जकातीने रोखण्याची दृष्टी स्वच्छ दिसते. पण व्यापारवादाचे दोन पाय आहेत. एक, घरच्या उत्पादकाला आडोसा. हा महाराजांच्या पत्रात आहे. दुसरा, बाहेरच्या मुलखाला आपल्या सोयीने काय पिकवायचे, काय करायचे नाही आणि कोणाला विकायचे हे बांधून देणे. तो नाही. टोपीचा कायदा दुसऱ्या पायाचा आहे.

मोडीवेडी
टोपीवरून आठवलं! रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, साधारण १७१५ चं. त्यात 'टोपीकर' असा शब्दच आहे: फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासिस (फ्रेंच) वगैरे. अमात्य सावकाराला राज्याची शोभा म्हणतात, व्यापार वाढवा म्हणतात. पण टोपीकरांपाशी आले की सूर बदलतो. हे वरकड सावकारांसारखे नव्हेत, यांचे धनी राज्य करणारे आहेत, त्यांच्या हुकमाने हे इथे सावकारी करायला येतात, आणि राज्य करणाऱ्याला जमिनीचा लोभ नसेल असं कसं होईल, असा त्यांचा मुद्दा. म्हणून सल्ला असा की येऊ द्या, व्यापार करू द्या, पण वखारीला जागा समुद्रकिनारी, खाडीवर देऊ नका. दिलीच तर आत, मोठ्या गावाच्या वस्तीत, आणि पक्की इमारत बांधू देऊ नका.

व्यापारवादाची व्याख्या मला इतक्या कमी शब्दांत दुसरीकडे सापडलेली नाही. व्यापारी आणि राजा एकाच जहाजातून आलेत हे प्लासीच्या चाळीसेक वर्षं आधी एका मराठी कारभाऱ्याने ओळखलं होतं.

कापूसकोंड्या
दंडवत. हे वाचून अंगावर काटा आला.

खारी बिस्कीट
वाचनखूण साठवली.

मडगावकर
पोर्तुगीजांचा विषय निघाला म्हणून गोव्यातून दोन पैसे. त्यांचा हिशेब इंग्रजांच्याही आधीचा आणि जास्त सरळ: समुद्रच आमचा! हिंदी महासागरात जहाज न्यायचं तर त्यांचं 'कार्ताझ' घ्या, म्हणजे परवाना, आणि त्यांच्या बंदरात जकात भरा. कार्ताझ नसेल तर जहाज जप्त. मोठमोठ्या बादशाह्यांची जहाजंही कार्ताझ घ्यायची. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तोच धडा गिरवून स्वतःची दस्तकं काढली तर लगेच ते चाचे ठरले.

आणि ब्राझीलचं ऐका. १७८५ मध्ये पोर्तुगालच्या राणीने फर्मान काढून ब्राझीलमधले कापडाचे कारखाने बंद केले. सूट फक्त जाड्याभरड्या सुती कापडाला, ज्यातून गुलामांचे कपडे आणि पोती शिवायची. टोपीचा कायदा परवडला. बावीस-तेवीस वर्षांत नेपोलियन आला, राजघराणं पळून स्वतःच ब्राझीलला गेलं आणि १८०८ मध्ये बंदरं खुली केली. राजा दुकानात राहायला आला की नियम बदलतात.

अवांतर: १९६१ पूर्वी आमच्याकडे विलायती माल स्वस्त मिळायचा आणि पलीकडे मिळत नसे. आजोबा त्या काळाबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे आणि डोळे मात्र चमकायचे.

पेठेतला
आजोबांचं नाव बोस्टनच्या यादीत घाला.

दर्यावर्दी
उशिरा आलो. रत्नागिरीकडचा आहे. आमच्या घरात चार पिढ्या आगबोटीवर. आजोबा आगवाले, म्हणजे बॉयलरला कोळसा घालणारे. त्यांचे मामा सारंग. एक टंडेल पण होते.

जुनी वही सरांनी वर एक वाक्य लिहिलं आणि सगळे पुढे गेले: खलाशांपैकी तीन चतुर्थांश इंग्रज. धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते तिथे आहे.

त्या कायद्यात बोस्टनचा माणूस इंग्रज धरला जायचा. वसाहतीत बांधलेलं जहाज इंग्रजी जहाज. त्यामुळे न्यू इंग्लंडच्या गोद्यांची भरभराट झाली. १७७५ च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी ताफ्यातलं जवळपास तिसरं जहाज अमेरिकेत बांधलेलं होतं. म्हणजे ज्या कायद्याविरुद्ध लेक पत्र लिहितेय, त्यानेच तिच्या गावचं बंदर मोठं केलं.

आता मुंबई. १७३६ मध्ये जहाजं बांधणारे लवजी वाडिया सुरतेहून आले. सागवानाची जहाजं. 'त्रिंकोमाली' १८१७ ची, अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतेय. ओक कुजतं, साग टिकतो, हे तिकडे सगळ्यांना ठाऊक. पण मुंबई-कलकत्त्याची जहाजं माल घेऊन टेम्समध्ये शिरली तेव्हा लंडनच्या जहाजबांधणाऱ्यांनी ओरड केली. आणि जहाज गेलं तरी त्यावर माणसं कोण? लढाई चालू असताना इंग्रज खलाशी आरमारात ओढले जायचे, तेव्हा आमचे लोक चालायचे. नेपोलियन संपला आणि नियम परत आठवला. १८२३ च्या कायद्यात चक्क लिहिलं की कंपनीच्या किंवा राजाच्या मुलखात जन्मलेला असला तरी लास्कर, म्हणजे आशियाई खलाशी, ब्रिटिश खलाशी धरला जाणार नाही.

राजा एक, निशाण एक, कायदा एक. बोस्टनचा खलाशी कायद्याच्या आतला, कोकणचा बाहेरचा. १८४९ मध्ये नौकानयन कायदे रद्द झाले तेव्हा आमच्या लोकांना कामं भरपूर मिळाली, पण वेगळ्या करारावर आणि कमी पगारावर. आजोबांना याची चीड वगैरे नव्हती. ते फक्त म्हणायचे की साहेबाचं कागदावरचं इंग्रजी वाचून सही करू नये, आणि स्वतः अंगठा द्यायचे.

मोडीवेडी
हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका, कृपया.

आगाऊ अर्थतज्ज्ञ
दर्यावर्दींचा मुद्दा मला माहीत नव्हता. प्रामाणिकपणे सांगतो.

तरी कापूसकोंड्यांशी एक भांडण बाकी आहे. १८१३ मध्ये कंपनीची हिंदुस्थानातल्या व्यापाराची मक्तेदारी गेली (चहा आणि चीन सोडून), १८३३ मध्ये तीही गेली, १८४९ मध्ये नौकानयन कायदे गेले. म्हणजे आपला विणकर मेला तो मोकळ्या व्यापाराच्या काळात. त्याला व्यापारवाद म्हणू नका.

कापूसकोंड्या
नाव बदला, दुकान तेच. १८८२ मध्ये मोकळ्या व्यापाराच्या नावाने इथली कापडावरची आयात जकात काढली. पुढे सरकारचा खजिना आटला म्हणून ती परत लावावी लागली. मग मँचेस्टरचे गिरणीवाले ओरडले. १८९६ मध्ये तोडगा: विलायती कापडावर साडेतीन टक्के, आणि बरोबरी व्हावी म्हणून मुंबईच्या गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी! आपल्याच कारखान्यावर कर, का तर परक्याला अन्याय वाटू नये. टिळकांनी त्यावर पुण्यात विलायती कापडाविरुद्ध रान उठवलं. तो कर १९२५-२६ मध्ये सुटला. वडील सांगायचे, जुने जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम, त्या कराला शिवी दिल्याशिवाय त्याचं नाव घेत नसत.

जुनी वही
दोघांच्या मधे न्यायमूर्ती रानड्यांना बसवतो. १८९० च्या पुण्याच्या औद्योगिक परिषदेत त्यांनी डचांच्या जावा बेटावरील लागवड पद्धतीवर निबंध वाचला होता. १८३० पासून डच सरकारने तिथल्या गावांना जमिनीचा एक हिस्सा कॉफी, ऊस, नीळ यांना द्यायला लावला, माल सरकारी पाठबळाच्या कंपनीने हॉलंडला नेला, आणि त्या नफ्यातून हॉलंडने कर्ज फेडले, रेल्वे बांधली. व्यापारवादाचा हा जवळजवळ अर्क. रानड्यांना त्यातला जुलूम दिसत होता. पण त्यांचे लक्ष वेगळ्याच गोष्टीवर होते: डच सरकार भांडवल उसने देते, माल पक्का करायचे कारखाने जावातच उभे राहतात, आणि आमचे सरकार मोकळ्या व्यापाराचा मंत्र म्हणत हात बांधून बसते. एका गुलाम देशाने दुसऱ्या गुलाम देशाकडे पाहून 'त्यांचा मालक निदान कारखाना तरी काढतो' म्हणावे, ही वेळ होती. मी हा निबंध वर्गात शिकवायचो तेव्हा मुले अस्वस्थ व्हायची. मीही व्हायचो.

निवांत नलू
नीळ वर तीनदा येऊन गेली म्हणून एक भर. अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या निळीला इंग्लंड १७४८ पासून वर बक्षिसी द्यायचं. अमेरिका फुटून निघाली, बक्षिसी बंद, आणि कंपनीने निळीला बंगालमध्ये जोर दिला. पुढचं चंपारण्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्याची एक पावती आपल्या शेतकऱ्याच्या नावावर फाटली.

मोडीवेडी
आणि उलट दिशेनेही. १७७३ मध्ये चहाविरुद्ध लिहिताना पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने 'रस्टिकस' या टोपणनावाच्या पत्रात बंगालच्या दुष्काळाची आठवण दिली होती: या कंपनीने आशियात काय केलं ते पाहा, आता ती इकडे येतेय. आगाऊंच्या 'व्यापारी संघटनेच्या मोर्चा'त ही भीतीही होती. चहा स्वस्त असला तरी कोणाच्या हातून येतोय हे त्यांनी पाहिलं.

आगाऊ अर्थतज्ज्ञ
ठीक आहे, मोर्चा मागे घेतो. व्यापारी संघटना ठेवतो.

सातासमुद्रापार
मंडळी, किती आभार मानू? परवा रात्री लेकीला बसवून अर्धा धागा मराठीतून वाचून दाखवला, अर्धा तिच्या इंग्रजीत. "अगदी असंच" हे वाक्य मी मागे घेतलं. तिला सांगितलं की पहिल्यांदा आपलं कापड त्यांना नको झालं, मग आपला सारा त्यांना हवा झाला, आणि तुझ्या पणजोबांच्या गावचा खलाशी त्या कायद्यात मोजलाच गेला नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "मग त्याने राजाला पत्र लिहिलं का?" मी म्हटलं, अंगठा देऊन पत्र कसं लिहिणार.

गृहपाठ मात्र टोपीवाल्याचाच राहिला, नियमात तसं बसतंय म्हणून. तिच्या टोपीवाल्याकडे तीन उमेदवार आहेत, तिसरा माळ्यावर लपवलाय, आणि तो खोकला की खाली गिऱ्हाइकासमोर हा जोरजोरात गाणं म्हणतो. राजाला शेवटी विनंती केलीय की निदान खोकल्याचं औषध तरी जकातीशिवाय येऊ द्या. शुक्रवारी दिलं.

@मळीवाला, एक विचारायचं राहिलं. धिरड्यांचा विषय निघाल्यापासून घरात काकवीची मागणी आहे. इथल्या देशी दुकानात नाही. मोलॅसिसची बाटली मिळते, ती चालेल?

मळीवाला
पहिल्या उकळीची असेल तर चालेल, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. काळी कडू घेऊ नका. थोडं तूप जास्त घाला.

पेठेतला
गॅलनला ३ पेन्स आठवणीने भरा.